अर्धी ठेवलेली भिंत

ते घर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. सिंगापूरमध्ये बारा महिने बनियन पाठीला चिकटलेलं असतं, आणि इथे कुणीतरी दिवाणखान्यात शेकोटी बांधली होती. तीही साधीसुधी नाही. घडीव दगडाची, दोन मजले उंच धुराड्याची. आत हात घालून बघितलं तर काजळी जेमतेम नखाला लागेल एवढीच. थंडी कधी पडलीच नसणार. पुस्तकं आणि बूट दमट होऊ नयेत म्हणून कधीमधी चार लाकडं जाळली असतील, असा माझा अंदाज.

बुकित पंजांगच्या उंच इमारती संपतात तिथून थोडं पुढे, एका चढावर, झाडीत हे घर आहे. इंग्रजांच्या काळातली इथली बहुतेक घरं विटांची आणि लाकडाची, पांढऱ्या भिंतींची आणि काळ्या पट्ट्यांची. हे मात्र दगडाचं. जवळच्या टेकडीत तेव्हा ग्रॅनाइटची खाण होती आणि तिथल्या कुणा इंग्रज साहेबाने ते बांधलं, एवढंच कागदांत सापडलं. बाकीचं मी दगडांवरून वाचलं, कारण ते मला येतं.

माझे वडील नगर जिल्ह्यात दगड घडवायचे. विहिरी, जोती, देवळाच्या पायऱ्या. भिंत कशी आहे हे ते डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायचे. हातोड्याचा दांडा घेऊन गुडघ्यापाशी, छातीपाशी आणि डोक्याच्या वर अशा तीन ठिकाणी ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड दगडाला धरून आहे. भद्द आला तर आत पोकळ. हे मी सात-आठ वर्षांचा असताना शिकलो. दहावीनंतर पुढे शिकलो नाही. तेविसाव्या वर्षी इथे साइटवर मजूर म्हणून आलो आणि आज हौगांगला माझं स्वतःचं रिनोव्हेशनचं दुकान आहे. शिफारस कुणाची नव्हती. जे मिळालं ते घासाघीस करून आणि गरज पडली तिथे भांडून मिळवलं.

तर ते घर. साहेबाने ते आधी अगदी आपल्या गावच्यासारखं बांधलं होतं. दीड हात जाड भिंती, लहान खिडक्या, पुढे ओसरी नाही. एक-दोन वर्षांत तो आत शिजला असावा, कारण खिडक्या नंतर खाली वाढवून त्यांचे दरवाजे केलेले दिसतात. मूळ खिडकीच्या तळाचा दगड काढून दरवाजाला उंबरा म्हणून बसवलाय. त्याच्या कडेला पाणी वाहून जायची पन्हळ अजून आहे. मग तिन्ही बाजूंनी लाकडी खांबांची रुंद ओसरी आली. तिचे वासे दगडात खोबणी पाडून घुसवलेत आणि त्या खोबण्या वेगळ्या हाताच्या आहेत, छिन्नी उलट्या बाजूने चालवलेली दिसते. डावखुरा गवंडी. पुढे कधीतरी लष्कराने घर ताब्यात घेतलं आणि दगडांमधल्या सगळ्या दर्जा, म्हणजे फटी, सिमेंटने भरल्या, आतूनही सिमेंटचा हात मारला. त्यानंतर मुलांचं वसतिगृह झालं. त्यांनी खालच्या लांब हॉलच्या बरोबर मध्ये विटांची एक आडवी भिंत घालून दोन खोल्या केल्या. शेवटच्या भाडेकरूंनी एसीसाठी जागोजागी भोकं पाडली.

जुन्या घरात फेरफार बघून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. ज्याला जिथे गरम झालं तिथे त्याने खिडकी मोठी केली, त्यात चुकलं काय? मला फक्त ती विटांची भिंत खुपत होती. हिरवा ऑइल पेंट, पोपडे आलेले, खिळ्यांची भोकं.

हे घर सरकारी मालकीचं. ज्या ताईंनी ते लांब मुदतीच्या भाड्याने घेतलं त्या मूळ मुंबईच्या, तीस वर्षं इथल्या बँकेत होत्या आणि लवकर निवृत्त झाल्या. गाणं शिकवतात. सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये सकाळी तानपुरा लागला की शेजारी दार वाजवायचे, म्हणून हे घर. वर राहायचं आणि खाली क्लास. त्यांना खालचा हॉल पूर्वीसारखा सलग हवा होता. पहिल्याच भेटीत त्या हिरव्या भिंतीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, ही तेवढी पाडा. बाकीचं सावकाश."

काम मिळवायला मला दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरशी झुंजावं लागलं. त्याने हॉल मोकळा करायला दीड महिना मागितला होता. मी म्हणालो, तीन आठवडे. तिथेच ताई माझ्या बाजूला झुकल्या.

पण अशा घरात भिंत काढायची तर इंजिनिअरची सही लागते. ताईंनी इंजिनिअर आधीच नेमला होता. त्याचं नाव ईमेलमध्ये वाचलं आणि माझं डोकं सणकलं.

हा पुण्याचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. एके काळी आमची जोडी होती. नकाशे त्याच्या कंपनीचे, माणसं माझी. सकाळी कोपितियामध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानात, एका टेबलावर कॉफी, एकमेकांच्या घरी जेवणं. आठ वर्षांपूर्वी आमच्या एका कामात मागची भिंत तडकली. खालचा बीम त्याने नकाशात कमी दाखवला होता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मालक समोर उभा राहिला तेव्हा हा म्हणाला, "मिस्त्रीने घाई केली." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या वेळी माझ्याकडे अकरा माणसं कामाला होती. पण तो आकडा सोडा, मी त्याचा मित्र होतो. त्या मालकाने नंतर माझ्याबद्दल जे चार ठिकाणी सांगितलं ते पुसायला मला दोन वर्षं लागली. तेव्हापासून गणपतीच्या आरतीला तो डावीकडे उभा दिसला की मी उजवीकडे जात होतो.

त्याने नकाशा पाठवला. त्यात लिहिलं होतं, विटांची भिंत काढण्याआधी ती जिथे बाहेरच्या दगडी भिंतीला मिळते तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू द्यावेत, आणि त्याआधी दगडी भिंतीत बारीक भोकं पाडून आत काय आहे ते बघावं. म्हणजे मी कबूल केलेल्या तीन आठवड्यांतले दोन त्यातच जाणार.

मी हातोडा घेऊन गेलो. गुडघ्यापाशी, छातीपाशी, डोक्याच्या वर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडी भिंत घंटेसारखी खणखणीत बोलली. मी त्याला उत्तर लिहिलं की भिंत आरपार दगडाची आहे, टेकूंची गरज नाही, आणि दगड मला शिकवू नका. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "भोक पाडून बघा." मी पाडलं नाही. ताईंना सांगितलं की हे इंजिनिअर लोक आपली फी दिसावी म्हणून टेकू दाखवतात. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हे वाक्य लिहिताना अजूनही मान खाली जाते.

आम्ही विटा काढायला लागलो. हॉलच्या आतल्या टोकाकडून सुरुवात केली आणि बाहेरच्या दगडी भिंतीकडे सरकत गेलो. शनिवारी सकाळी भिंत अर्धी उरली होती. माझ्याकडे बारा वर्षं असलेला एक बांगलादेशी गवंडी आहे, साठीच्या जवळ आलेला. तो एकदम थांबला, हात वर केला आणि मला हिंदीत बोलावलं. विटा जिथे दगडाला चिकटल्या होत्या त्या सांध्यातून बारीक माती गळत होती. सारखी, न थांबता, जात्यातून पीठ पडावं तशी.

मी ओळंबा सोडला. दगडी भिंतीने आतल्या बाजूला दोन बोटं पोट काढलं होतं. पेन्सिलीने रेघ मारली. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर भिंत रेघेच्या पुढे आली होती. केसभर, पण पुढे.

तेव्हा सगळं कळलं. माझ्या वडिलांच्या भिंती चुन्यामातीच्या. तिथे प्रत्येक दगड आपल्यापुरतं बोलतो. इथे लष्कराने दर्जा सिमेंटने बांधून आतून बाहेरून एक कडक कातडं चढवलं होतं, आणि ठोकलं की ते कातडं एकजात वाजत होतं. मी दगडाला विचारलं आणि सिमेंटने उत्तर दिलं. आतमध्ये मात्र दोन बाजूंच्या दगडांमधली चिपा-मातीची भर इतक्या वर्षांच्या पाण्याने सुटून तळाशी बसली होती. वरची भिंत म्हणजे मध्ये रिकामी जागा असलेल्या दोन पातळ भिंती. तिला इतकी वर्षं धरून ठेवलं होतं त्या हिरव्या, पोपडे आलेल्या विटांनी. ज्याने कुणी वसतिगृहासाठी ती भिंत घातली त्याला कदाचित खोल्याच हव्या होत्या, पण घर त्याच्यामुळे उभं होतं. आणि मी ती अर्धी काढली होती.

सगळ्या माणसांना मी बाहेर काढलं आणि ओसरीच्या पायरीवर बसलो. ती भिंत पडली असती तर तिच्यावरचा मजला आणि छप्पर आलं असतं. जिथे ताई राहायला येणार होत्या ते घरच गेलं असतं, कारण पडलेलं जुनं घर सरकार परत बांधू देत नाही. आणि टेकू न देता भिंत काढली हे नकाशावरून कुणालाही दिसलं असतं. पंचवीस वर्षांत कमावलेलं नाव एका शनिवारी संपलं असतं.

काय करायचं ते मला माहीत होतं. फोन हातात होता. तरी मी बायकोला फोन केला आणि सगळं सांगून वर म्हणालो की दुसरा कुणी इंजिनिअर शोधतो, तासाभरात कुणीतरी मिळेल.  ती म्हणाली, "तासभर त्या भिंतीला काय तुमचा राग टेकू देणार आहे का?" आणि फोन ठेवला.

मी त्याला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल," तो म्हणाला. जसं काही कालच कोपितियामध्ये भेटलो होतो.

मी म्हणालो, "दगडी भिंत आत येते आहे. दोन बोटं."

"आणि सकाळपासून?"

"केसभर."

"माणसं कुठे आहेत?"

"बाहेर."

"आत कुणी जाऊ नका. उरलेल्या विटांना हात लावू नका. निघालोच मी."

विटा कुणी काढल्या, टेकू कुठे आहेत, भोक पाडलं होतं का, यातलं काही त्याने विचारलं नाही.

पाऊण तासात तो टॅक्सीतून उतरला. घरच्या चपला, मुलीच्या शाळेचं नाव लिहिलेला टी-शर्ट. त्याच्या मागोमाग लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकूचे खांब, भरलेली लॉरी चढावर आली. ती त्याने टॅक्सीतूनच ठरवली होती. शनिवारी दुपारी लॉरी मिळवणं काय असतं हे मला ठाऊक आहे. मला जमली नसती, कारण मी भाव करत बसलो असतो.

त्याने दरवाज्यातून बराच वेळ भिंत बघितली. कुठला प्रॉप आधी, कुठला नंतर, हे जमिनीवर खडूने काढलं. मग गवंड्याला घेऊन स्वतः आत निघाला. मीही उठलो.

"तू इथेच थांब," तो म्हणाला. "आत आलास की भांडशील."

"माझी साइट आहे," मी म्हणालो.

"बघ, सुरू झालास."

मी आत गेलोच. तिघांनी मिळून पहिले चार प्रॉप लावले. पंधरा मिनिटं लागली. प्रॉपचा स्क्रू एकेक फेरा आवळायचा, थांबायचं, माती गळायची थांबली का ते बघायचं. चौथा प्रॉप भिंतीला टेकला आणि माती थांबली. मग बाकीच्या माणसांना बोलावलं. संध्याकाळ होईपर्यंत हॉलमध्ये एवढे लोखंडी पाय उभे होते की चालायला जागा राहिली नाही. गवंड्याने सगळ्यांना चहा दिला आणि त्याला दोन वेळा दिला.

पुढच्या आठवड्यात भोकं पाडली. ती मीच पाडली. आत मनगटापर्यंत हात जाईल एवढी पोकळी निघाली. सिमेंट भरायचं मी नावसुद्धा काढलं नाही. दगडाला दगडासारखं राहू द्यायचं तर चुनाच हवा, यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं, आणि ते बहुधा त्या कामातलं एकमेव. पातळ चुना रोज थोडा थोडा आत सोडायचा, कारण एकदम भरला तर ओल्या वजनानेच भिंत फुटेल. असे जवळजवळ चार आठवडे. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन ओळंबा बघायचो. भिंत जागेवरून हलली नाही.

मग त्याने सरकारी खात्याला आणि ताईंना अहवाल पाठवला. मला प्रत आली. मी हौगांगच्या मार्केटमध्ये भाजी घेत होतो, पिशवी खाली ठेवून तिथेच वाचला. इंग्रजी मला कामापुरतं येतं, म्हणून तीनदा वाचला. त्यात होतं की विटांची भिंत काढताना जुन्या दगडी भिंतीच्या आतली भर सुटलेली आढळली, काम ताबडतोब थांबवण्यात आलं, कॉन्ट्रॅक्टरने माणसं वेळेवर बाहेर काढली, भिंत सुरक्षित केली आहे, आणि उरलेली अर्धी विटांची भिंत आधार म्हणून कायमची ठेवावी. टेकू न देता काम सुरू केलं हे कुठेच नव्हतं. एक ओळ लिहिली असती तर माझा हिशेब संपला असता, आणि ती लिहायचा त्याला हक्क होता.

दुसऱ्या दिवशी साइटवर मी त्याला गाठलं. विचारलं, "लिहिलं का नाहीस?"

"जे महत्त्वाचं होतं ते लिहिलं. भिंत उभी आहे."

"मी तुझ्या जागी असतो तर लिहिलं असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला राग आला आणि तो बरोबर बोलतोय हेही कळलं. मग तो उरलेल्या विटांच्या भिंतीला टेकला आणि स्वतःहूनच म्हणाला, "त्या वेळी माझा इथे काम करायचा पास महिन्याभरात संपत होता. कंपनीकडे तक्रार गेली असती तर त्यांनी तो वाढवला नसता. बायकोला सातवा महिना होता. मी घाबरलो आणि तुझ्यावर ढकललं."

"हे तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"तीनदा फोन केला. तू कापलास."

ते खरं होतं. मला आठवत होतं की मी पाच वेळा कापला होता. ते मी त्याला सांगितलं नाही. आठ वर्षांचा राग एका दुपारी जात नाही, आणि माझा गेलाय असं मी इथे लिहिणार नाही. त्याने मालकासमोर जे म्हटलं ते चूकच होतं. पण पास संपत आलेल्या माणसाची झोप कशी असते हे मला कुणी शिकवायला नको. पहिली सहा वर्षं मीही तीच झोप झोपलो आहे. एवढं मी त्याला म्हणालो. तो "हं" म्हणाला.

एक गोष्ट उरली होती. ताईंना वाटत होतं की भिंत जुनी होती म्हणून असं झालं. अहवालही तेच सांगत होता. मी गप्प बसलो असतो तर कुणी काही विचारलं नसतं. धंद्यात मी कित्येकदा गप्प बसलोय, आणि त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. पण इथे त्याने माझ्यासाठी सोडलेली ओळ मी खिशात घालून फिरत होतो आणि ती टोचत होती. त्या शुक्रवारी ताई वरच्या मजल्यावर पडद्यांची मापं घेत होत्या. मी जिना चढून गेलो आणि सांगितलं. टेकू इंजिनिअरने सांगितले होते, नको मी म्हणालो. भोक पाडून बघायला सांगितलं होतं, पाडलं नाही. तुम्हाला फीबद्दल जे बोललो तेही खोटं होतं. तुमचा सलग हॉल माझ्या घाईपायी गेला, असंही म्हणता येत नाही. ती भिंत तशीही अर्धी तरी ठेवावीच लागली असती. पण घर जाऊ शकलं असतं, ते माझ्यामुळे.

ताईंनी टेप गुंडाळला. तो खिडकीत ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांना उत्तर देता येतं.

"दादा," त्या म्हणाल्या, "मला फार राग आलाय. तो जाईल. पण उरलेलं काम तुम्ही इंजिनिअरना विचारून करायचं. ते काय म्हणतात ते मला आधी सांगायचं आणि तुमचं मत नंतर. जमेल?"

कुठल्याही कामावर ही अट मी कधी मान्य केलेली नाही. तिथे मान्य केली, एका शब्दाचीही घासाघीस न करता. त्यांनी काम माझ्याकडेच ठेवलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझी चूक ऐकून घेऊन मला कामावर ठेवणारं या शहरात दुसरं कोण आहे, मला माहीत नाही.

खाली हॉलमध्ये तो उरलेल्या भिंतीचं माप घेत उभा होता. विटांचं तुटकं टोक कसं बंद करायचं ते ठरायचं होतं.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"तू सांगशील तसं करायचं म्हणाल्या."

तो हसायला लागला. इतका हसला की वाकून त्याला प्रॉपचा आधार घ्यावा लागला. माझा गवंडीही काही न कळता हसायला लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी टेपचं दुसरं टोक धरलं आणि त्याला म्हणालो, सांग आता, कसं करायचं.